हेल्मेटमधल्या आरशातून मागचा रस्ता कसा पाहावा: निवड, जुळवणी आणि सराव

इंदूरच्या राजेंद्र नगरातून रोज पीथमपूरला मोटारसायकलने जाताना राऊच्या पुढे मागचा रस्ता नीट दिसणे किती गरजेचे आहे, हे मला वर्षानुवर्षे जाणवत आले आहे. दोन्ही बाजूंच्या आरशांत अर्धी जागा माझ्याच कोपरांनी आणि खांद्यांनी व्यापलेली असते. उरलेल्या जागेत शेजारच्या लेन दिसतात, पण थेट मागून येणारा ट्रेलर किंवा लोडिंग रिक्षा बऱ्याचदा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ही मधली पट्टी दाखवण्यासाठी हेल्मेटच्या आतच आरसे बसवण्याची कल्पना निघाली आणि ती मुळात चांगली आहे. मात्र असे हेल्मेट घेणाऱ्यांपैकी बरेच जण ते डोक्यावर चढवून थेट रस्त्यावर उतरतात, दोन दिवस गोंधळतात आणि नंतर त्या आरशाकडे पाहणेच सोडून देतात. म्हणून ते कसे निवडावे, कसे जुळवावे आणि त्याची सवय कशी करावी, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी त्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यावरूनच ठरतात. हेल्मेटच्या मागच्या बाजूला, टाळूच्या थोडे खाली, एक छोटी पारदर्शक खिडकी असते. मागच्या रस्त्याचा प्रकाश तिच्यातून आत येतो, डोक्याच्या वरून आरशांवर परावर्तित होत पुढे जातो आणि कपाळाजवळच्या एका अरुंद पट्टीसारख्या आरशातून डोळ्यांपर्यंत पोहोचतो. आरसे सपाट असतील आणि प्रकाश डोक्यावरून सरळ रेषेत पुढे जात असेल, तर त्यांची संख्या विषम असावी लागते, नाहीतर मागचा रस्ता उलटा, म्हणजे वर रस्ता आणि खाली आकाश असा दिसेल. ब्रिटनच्या रीव्हू कंपनीचे एमएसएक्स-१ हे या प्रकारचे सर्वांत परिचित हेल्मेट आहे. त्यातले आरसे काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्याला बॅटरी किंवा वायर काहीही लागत नाही. दुसरा प्रकार कॅमेऱ्याचा, म्हणजे मागे कॅमेरा आणि डोळ्यासमोर छोटा पडदा. अमेरिकेतील स्कली कंपनीने २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून असे हेल्मेट आणण्याची घोषणा केली होती, पण २०१६ मध्ये ती कंपनीच बंद पडली. जी वस्तू दुकानात हातात घेऊन पाहता येत नाही, तिच्यासाठी आगाऊ पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. इंदूरचा मे महिना आणि डोक्यावरची बॅटरी यांची जोडीही मला पसंत नाही. पुढचे सर्व विवेचन त्यामुळे आरशांच्या हेल्मेटबद्दल आहे.

खरेदीच्या वेळी आरशाकडे सर्वांत शेवटी पाहावे. पहिली गोष्ट आयएसआय चिन्ह. १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीस्वारांसाठीचे हेल्मेट आयएसआय प्रमाणित असल्याशिवाय विकता येत नाही. चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला, की परवाना कोणाच्या नावाचा आहे आणि तो चालू आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कळते. परदेशातून मागवलेल्या हेल्मेटवर युरोपचे ईसीई चिन्ह असू शकते आणि ते मानक कडक आहे यात शंका नाही, पण आपल्या रस्त्यावर कायद्याने आयएसआयच लागते. तेव्हा आरसा कितीही उत्तम असला तरी आयएसआय चिन्ह नसेल, तर ते हेल्मेट घेऊ नये. १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश इंदूरमध्ये निघाला, तेव्हापासून रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हलकी हेल्मेट विकत घेणारी माणसे मी पाहत आलो आहे. पंपावर पेट्रोल मिळण्याइतकाच त्यांचा उपयोग होता. डोके आपटले तर ते वाचवण्याची ताकद त्यांत नाही.

दुसरी गोष्ट मापाची, आणि आरशाच्या हेल्मेटमध्ये तिचे महत्त्व दुप्पट होते. भुवयांच्या साधारण अडीच सेंटीमीटर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून शिंप्याची टेप फिरवून घेर मोजावा. हेल्मेट घातल्यावर गालांवर चांगला दाब जाणवला पाहिजे आणि कपाळावर कुठेही टोचता कामा नये. हनुवटीचा पट्टा बांधून हेल्मेट डावीकडे-उजवीकडे हलवावे. गालांची त्वचा त्याच्याबरोबर ओढली गेली तर माप बरोबर आहे, आणि चेहरा स्थिर राहून हेल्मेट एकटेच फिरले तर ते सैल आहे. त्यानंतर दुसऱ्या माणसाला मागून हेल्मेटची कड धरून ते वर आणि पुढे ढकलायला सांगावे. ते डोक्यावरून निघू लागले तर त्याचा नाद सोडावा. सैल हेल्मेट अपघातात निसटते हे सर्वांना ठाऊक असते, पण येथे आणखी एक अडचण असते. आरसा एक अंशाने कलला की त्यातून दिसणारी दिशा दोन अंशांनी बदलते. म्हणजे स्पीड ब्रेकरवर हेल्मेट कपाळावरून अवघे एक अंश सरकले, तरी वीस मीटर मागे आपली नजर सुमारे सत्तर सेंटीमीटर वर किंवा खाली गेलेली असते. अशा हेल्मेटमध्ये आरसा पुन्हा पुन्हा जुळवत बसावे लागते आणि चूक आरशाची आहे असे वाटत राहते.

यानंतर आरसा पाहावा. दुकानाबाहेर येऊन, हेल्मेट घालून, पाठ रस्त्याकडे करावी आणि मागे उभ्या असलेल्या एखाद्या गाडीच्या नंबर प्लेटवरचे अंक वाचता येतात का ते पाहावे. तशी वाचता येत असल्यास चित्र स्पष्ट आहे. त्याच वेळी आपण चष्मा वापरत असाल तर तो लावूनच पाहावे, कारण कपाळाजवळच्या आरशाकडे नजर वर जाते आणि लहान फ्रेमचा चष्मा असेल तर नजर काचेच्या वरून निसटते किंवा फ्रेमची कडच आडवी येते. वर दूरचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेला चष्मा असणाऱ्यांना सपाट आरशाची अडचण येत नाही, कारण आरसा डोळ्याजवळ असला तरी त्यातली गाडी डोळ्याला दूरवरचीच वाटते.

बाजारात मिळणाऱ्या छोट्या बहिर्गोल, चिकटवायच्या आरशांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि त्यांच्याबाबत मी स्वतः फसलो आहे. काही वर्षांपूर्वी अ‍ॅक्सेसरीच्या एका दुकानातून मी असा एक आरसा घेऊन हेल्मेटच्या कडेला बाहेरून चिकटवला. त्यात रस्ता पुष्कळ रुंद दिसत होता, पण मागची बस टिचभर दिसे आणि ती कितीतरी दूर आहे असे वाटे, कारण बहिर्गोल आरसा वस्तू लहान करून दाखवतो. त्याहून मोठी अडचण ही, की अशा आरशातले चित्र आरशाच्या अगदी जवळ तयार होते. रस्त्यावरची नजर काढून तिथे न्यायची म्हणजे डोळ्याला पुस्तक वाचण्याइतक्या जवळच्या अंतरावर स्थिरावे लागते, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला तेच जमत नाही. एप्रिलच्या उन्हात त्याचा गोंद सुटला आणि तो भंवरकुआं चौराह्यावर खाली पडला, तेव्हा मला वाईट वाटले नाही. असे आरसे चिकटवण्याचा किंवा साध्या हेल्मेटला भोके पाडून घरी आरसा बसवण्याचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नये. हेल्मेटचे बाहेरचे कवच आणि आतला थर्माकोलसारखा थर यांवरच डोक्याचे रक्षण अवलंबून असते. भोकाने कवच कमकुवत होते, काही गोंद आणि थिनर प्लास्टिक खातात, आणि बाहेर आलेला टणक तुकडा घसरताना रस्त्यात अडकून मानेला पीळ देऊ शकतो.

आता जुळवणी. हे काम रस्त्यावर करायचे नसते. मी ते एका रविवारी सकाळी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या दसरा मैदानावर, भाच्याला बरोबर नेऊन केले. मोटारसायकल सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, नेहमीचे जाकीट, नेहमीची पाठपिशवी आणि नेहमीचा चष्मा घालून बसावे, हनुवटीचा पट्टा बांधावा आणि गाडी चालवताना जसे बसतो अगदी तसेच बसावे. ताठ बसून जुळवलेला आरसा पुढे वाकून चालवणाऱ्याला आकाश दाखवतो, कारण हनुवटी खाली गेली की डोक्याची मागची बाजू वर वळते. हेल्मेटला आरसा कलता करण्याची कळ असेल तर ती फिरवून क्षितिज आरशाच्या वरच्या तिसऱ्या भागात आणावे. त्यामुळे खालच्या दोन भागांत रस्ता राहतो आणि वर थोडे आकाश, म्हणजे उंच ट्रकचा माथाही कापला जात नाही.

क्षितिज जुळल्यावर पुढचे काम नकाशाचे. भाचा हातात खडू घेऊन माझ्या मागे दहा मीटरवर, म्हणजे त्याच्या साधारण चौदा पावलांवर, उभा राहिला आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू चालू लागला. मी डोके न हलवता मोठ्याने सांगत होतो: आता डाव्या आरशात, आता कुठेच नाही, आता हेल्मेटमध्ये, अजून हेल्मेटमध्ये, आता उजव्या आरशात. जिथे तो एका आरशातून नाहीसा झाला आणि दुसऱ्यात दिसू लागला, तिथे तिथे त्याने जमिनीवर रेघ ओढली. मग पाच मीटरवर आणि वीस मीटरवर तेच केले. गाडीवरून उतरून मागे पाहिले तेव्हा पंख्यासारखा पसरलेला एक नकाशा मैदानावर उमटलेला होता. मधला रुंद पट्टा हेल्मेटचा, दोन्ही बाजूंचे पट्टे गाडीच्या आरशांचे, आणि उजव्या बाजूला, माझ्या खांद्याच्या किंचित मागे, एक कोरी फाक, जिथे भाचा तिन्ही आरशांत कुठेच दिसला नव्हता. ती फाक एका मोटारसायकलला सहज पुरेल एवढी होती. मान वळवून खांद्यावरून पाहण्याला पर्याय नाही, ही गोष्ट त्या रेघांनी मला जितकी पटवली तितकी आधी कोणी पटवली नव्हती.

त्यानंतर मी पत्नीला मागे बसवले आणि तीच चाचणी पुन्हा केली. आमच्या घरी गाडी एकट्याने चालवण्यापेक्षा दोघांनी जाण्याचे प्रसंग जास्त, म्हणून हे करणे आवश्यक होते. मधल्या रुंद पट्ट्याच्या जागी आता तिचे हेल्मेट दिसू लागले आणि त्याच्या दोन्ही कडांना दोन बारीक चिरा उरल्या. ही या रचनेची सर्वांत मोठी मर्यादा आहे, आणि आपल्याकडे दुचाकी हेच कुटुंबाचे वाहन असल्यामुळे ती प्रत्येकाने खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावी. रोज कोणी मागे बसत असेल, त्यातही ती व्यक्ती उंच असेल, तर या हेल्मेटवरचा जास्तीचा खर्च मी सुचवणार नाही. त्या पैशांत दोघांसाठी दोन उत्तम साधी हेल्मेट घ्यावीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहेच.

सवय करण्याचा भाग वेळ घेणारा आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती न कळल्यामुळे माणसे गोंधळतात. गाडीचे आरसे गाडीला जोडलेले असतात, त्यामुळे मान वळवली तरी ते जवळजवळ तेच दाखवतात. हेल्मेटचा आरसा डोक्याला जोडलेला असतो आणि आपल्या डोक्याची मागची बाजू जिकडे असेल तिकडे तो पाहतो. म्हणजे उजवीकडची मागची लेन पाहायची असेल, तर हनुवटी किंचित डावीकडे वळवावी लागते. पंधरा अंशांनी मान डावीकडे नेली, की पंधरा मीटर मागे आपली नजर सुमारे चार मीटर उजवीकडे सरकते, म्हणजे एका लेनच्या रुंदीहून थोडी जास्त. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि ओव्हरटेक करणारी वाहने उजवीकडून येतात, म्हणून ही डावी हालचालच अधिक वेळा लागते. सुरुवातीला मेंदू ती मान्य करत नाही. उजवीकडचे पाहायचे म्हटल्यावर मान उजवीकडेच जाते आणि आरशात डावीकडचा फुटपाथ दिसतो.

म्हणून पहिले चार-पाच दिवस गाडी स्टँडवर ठेवूनच सराव करावा. अंगणात किंवा गच्चीवर बसून कोणाला तरी मागे फिरायला सांगावे आणि तो कोणत्या बाजूला आहे हे आरशात पाहून ओळखावे. रोज संध्याकाळी दहा-दहा मिनिटे पुरतात. मग मोकळ्या मैदानात १५-२० किलोमीटर वेगाने सरळ चालवताना नजर वर न्यावी आणि परत रस्त्यावर आणावी. नजर आरशात अर्ध्या सेकंदाहून जास्त थांबू देऊ नये. ताशी ५० किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी जवळजवळ सात मीटर पुढे जाते, आणि तेवढ्यात पुढच्या ई-रिक्षाने सवारीसाठी ब्रेक मारलेला असू शकतो. अर्ध्या सेकंदात जे कळते तेवढेच घ्यावे: मागे काही आहे की नाही, आणि ते मोठे होत आहे की नाही. गाडीचा प्रकार, रंग, चालकाचा चेहरा यांची गरज नसते. रस्त्यावर उतरल्यावर पहिले आठ दिवस फक्त सरळ रस्त्यावर आणि लाल दिव्याला थांबलेले असताना आरशाकडे पाहावे. थांबलेले असताना हा आरसा विशेष उपयोगी पडतो, कारण मागून येणारे वाहन वेग कमी करत आहे की नाही हे मान न वळवता कळते आणि न थांबणारे वाहन दिसले तर बाजूला सरकायला एक-दोन सेकंद मिळतात.

लेन बदलताना किंवा उजवीकडे वळताना मी आता हा क्रम पाळतो. आधी हेल्मेटच्या आरशात मधला पट्टा, मग गाडीचा उजवा आरसा, मग इंडिकेटर, मग दोन-तीन सेकंद थांबून खांद्यावरून एक प्रत्यक्ष नजर, आणि त्यानंतरच हँडल. बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, हटवण्यास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मंजुरी दिल्यापासून ए. बी. रोडवर वाहनांच्या जुन्या ठरलेल्या वाटा बदलत आहेत आणि नवलखा ते पलासिया या पट्ट्यात कोण कुठून पुढे येईल हे सांगता येत नाही, त्यामुळे यातली शेवटची नजर मी कधीच वगळत नाही. हेल्मेटमध्ये आरसा आहे म्हणून गाडीचे आरसे काढून टाकणे किंवा आत दुमडून ठेवणे तर पूर्णपणे चुकीचे आहे. गाडीला आरसे असणे नियमाने आवश्यक आहे, आणि ती कोरी फाक आठवली तर नियमाची आठवण करून देण्याचीही गरज उरत नाही.

घाटात हेल्मेटच्या आरशाचा उपयोग जरा जपून करावा. मानपूरच्या पुढे गणेश घाटाच्या उतारावर मागून येणाऱ्या जड वाहनांवर लक्ष ठेवण्यासाठी तो फार चांगला आहे, पण वळणात डोके आतल्या बाजूला वळलेले असते आणि आरसा तेवढ्याच अंशांनी उलट दिशेला, कधी दरीकडे तर कधी डोंगराकडे, पाहत असतो. म्हणून वळण सुरू होण्यापूर्वी पाहून घ्यावे आणि वळणात नजर रस्त्यावरच ठेवावी. रात्री मागच्या गाडीचा प्रखर दिवा थेट डोळ्यात येतो. अशा वेळी कळ एक-दोन घर फिरवून आरसा वर करावा आणि त्या प्रवासापुरते गाडीच्या आरशांवर भागवावे.

देखभाल फारशी नाही, पण चुकीची केली तर आरसा कायमचा अंधुक होतो. मागच्या खिडकीवर पावसाचे थेंब आणि चिखल बसतो, कारण ती नेमकी चाकाच्या उडवणीच्या बाजूला असते. पावसाळ्यात खिशात एक मऊ, स्वच्छ फडके ठेवावे आणि ओले करूनच पुसावे. कोरड्या धुळीवर फडके घासले की पॉलिकार्बोनेटवर बारीक ओरखडे उठतात आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती प्रकाशाचे वर्तुळ दिसू लागते. पेट्रोल, थिनर, काचेचे फवारे यांपैकी काहीही लावू नये; साधे पाणी आणि साबणाचा एक थेंब पुरतो. आतले आरसे स्वतः उघडण्याचा प्रयत्न करू नये. हेल्मेट आरशाची खिडकी खाली येईल असे गाडीच्या टाकीवर किंवा पायरीवर ठेवू नये, हँडलच्या आरशावर टांगू नये. डोक्यावर असताना एकदा जरी जोराने आपटले असेल, तर वरून ओरखडाही नसला आणि आरशात चित्र पूर्वीइतकेच स्पष्ट दिसत असले तरी ते बदलावे, कारण आतला थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नंबर प्लेटची चाचणी पुन्हा घेतो, पट्ट्याचे शिवण आणि कुलूप पाहतो आणि भाच्याला दहा मीटरवर उभा करून मधल्या पट्ट्याच्या दोन्ही कडा आहेत तिथेच आहेत ना, हे तपासतो.